कलम पाहून धोका ठरवू नका : कारागृह व सुधारसेवा विभागास मराठवाड्यातून खुले पत्र

प्रति,
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक,
कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे.

प्रत : गृह विभाग, महिला व बालविकास विभाग, मराठवाड्यातील आठही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे.

विषय : हिंसक व लैंगिक गुन्ह्यांतील बंद्यांचे मूल्यमापन आणि उपचार हर्सूल मध्यवर्ती कारागृहात सुरू करण्याबाबत.

महोदय,

कारागृहात माणूस नावापेक्षा कलमाने ओळखला जातो. ‘तीनशे दोनवाला’, ‘तीनशे शहात्तरवाला’, ‘पोक्सोवाला’. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, खुनाचे कलम १०३ झाले, बलात्काराच्या शिक्षेचे ६४ झाले. बराकीतली आणि कार्यालयातली बोली मात्र जुनीच राहिली. बोलीबद्दल आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते निर्णयांबद्दल. संचित रजा, अभिवचन रजा, खुल्या कारागृहासाठी निवड, मुदतपूर्व सुटकेचा प्रस्ताव, यांतल्या प्रत्येक फायलीत वजन असते ते कलमाला आणि ‘कारागृहातील वर्तणूक समाधानकारक’ या एका ओळीला. हा माणूस बाहेर जाऊन पुन्हा तसेच करील का, या प्रश्नाचे उत्तर या दोन्हींतून मिळत नाही.

कलम ३७६ आणि पोक्सो लागलेले दोन बंदी घ्या. एक एकवीस वर्षांचा, सतरा वर्षांच्या मुलीसोबत पळून गेलेला. मुलीच्या वडिलांनी तक्रार दिली आणि कायद्याप्रमाणे गुन्हा झाला. दुसरा अडतीस वर्षांचा, शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार केलेला, आणि याआधीही एका प्रकरणात शिक्षा भोगून आलेला. नोंदवहीत दोघांची ओळ सारखीच दिसते. त्यात भर म्हणजे, कारागृहात सर्वांत शांत, सांगितलेले काम करणारा, साहेबांना नमस्कार करणारा बंदी अनेकदा हा दुसराच असतो. लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्याला बराकीत मुलेच भेटत नाहीत, त्यामुळे त्याच्या तिथल्या वर्तणुकीवरून त्याच्या धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. कुस्त्या करणारा, वॉर्डरशी हुज्जत घालणारा तरुण मात्र ‘धोकादायक’ म्हणून नोंदला जातो.

आम्ही मराठवाड्यात चिकित्सा मानसशास्त्र, मनोविकार सामाजिक कार्य, परिवीक्षा आणि विधी साहाय्य या क्षेत्रांत काम करणारी माणसे आहोत. आमची मागणी लहान आहे : हर्सूलमध्ये चोवीस जागांचा एक प्रयोग सुरू करावा, आधी मूल्यमापन, मग उपचार, मग सुटकेनंतरचा पाठपुरावा या क्रमाने. हा क्रम का मोडू नये आणि कुठे हमखास चुकते, ते पुढे सविस्तर लिहीत आहोत.

धोका म्हणजे किती?

कॅनडाचे कार्ल हॅन्सन आणि मोनिक ब्युसिएर यांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र करून पाहिले. लैंगिक गुन्ह्यातून सुटलेल्यांपैकी चार ते पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्याची नोंद झाली ती १३.४ टक्के जणांची. २००५ मध्ये हॅन्सन आणि केली मॉर्टन-बुर्गाँ यांनी ८२ अभ्यासांवर तेच काम पुन्हा केले, तेव्हाही आकडा १३.७ टक्केच निघाला. हे आकडे पकडल्या गेलेल्यांचे आहेत. भावकीत मिटवलेले, इज्जतीपायी दाबलेले प्रकरण त्यात येत नाही, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच धरला पाहिजे. तरीही ‘एकदा केले तो पुन्हा करणारच’ ही जी सर्वसाधारण समजूत आहे, तिच्यापासून तो फार दूर आहे.

या दोन्ही अभ्यासांतून दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि ती आपल्या अहवाललेखनाला थेट लागू पडते. बंदी गुन्हा कबूल करतो की नाकारतो, त्याला पश्चात्ताप झालेला दिसतो की नाही, याचा पुढच्या गुन्ह्याशी संबंध अगदी क्षीण निघाला. घट्ट संबंध निघाला तो विकृत लैंगिक ओढीशी आणि बेदरकार, नियम न जुमानणाऱ्या एकूण जीवनक्रमाशी. मूल्यमापनाच्या नावाखाली मुलाखतीत विचारले जाते, ‘पश्चात्ताप होतो का?’ तो ‘हो साहेब’ म्हणतो, आणि अहवालात ‘बंद्यास पश्चात्ताप झालेला आहे’ असे लिहिले जाते. त्या वाक्याला भाकीत म्हणून किंमत जवळजवळ नाही.

साधने, आणि ती आपल्या मातीत कुठे अडतात

लैंगिक गुन्ह्यांसाठी जगात सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे स्टॅटिक-९९आर. ते अठरा वर्षांवरील पुरुषांसाठीच आहे. त्यात दहा बाबी आहेत : सुटकेच्या वेळचे वय, जोडीदारासोबत सलग दोन वर्षे राहिला का, याच गुन्ह्यासोबत बिगरलैंगिक हिंसेची शिक्षा, पूर्वीची तशी हिंसा, पूर्वीचे लैंगिक गुन्हे, एकूण किती वेळा शिक्षा सुनावली गेली, स्पर्शाविना केलेले लैंगिक गुन्हे, पीडित नात्याबाहेरची होती का, अनोळखी होती का, आणि पीडितांत पुरुष किंवा मुलगा होता का. गुण उणे ३ ते १२. सर्व माहिती कागदपत्रांतून मिळते, म्हणून बंद्याने खोटे सांगितले तरी फार बिघडत नाही.

पण फक्त भाषांतर करून हे साधन मराठवाड्यात लावले तर ते चुकीचे मोजेल. कुठे चुकेल ते आजच सांगता येते.

वयापासून सुरुवात करू. चौतीसपर्यंत एक गुण वाढतो, पस्तिशीत शून्य, चाळीसनंतर एक वजा, साठीनंतर तीन वजा. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीच्या कित्येक बंद्यांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती घातली. वय दोन-तीन वर्षांनी इकडेतिकडे झाले की गुण बदलतो. म्हणून जन्मतारीख संशयास्पद असेल तर दोन्ही वयांनी गुण काढून अहवालात दोन्ही लिहावेत.

जोडीदारासोबत दोन वर्षे राहण्याची बाब त्या देशांत जवळीक जमवण्याची क्षमता दाखवते. आपल्याकडे लग्न घरचे ठरवतात, मुलींची तर अनेक गावांत अठराच्या आतच होतात, त्यामुळे दोन वर्षांचा संसार हा माणसाच्या स्वभावाचा पुरावा ठरत नाही. उलट बाजूने, जमीन नाही, पाणी नाही, नोकरी नाही म्हणून तिशी उलटूनही लग्न न जमलेली हजारो मुले मराठवाड्यात आहेत. त्यांच्या नावावर इथे एक गुण पडेल तो कोरडवाहू शेतीमुळे.

अनोळखी म्हणजे कोण? साधनाच्या नियमाप्रमाणे गुन्ह्याच्या आधी चोवीस तासांहून कमी ओळख असलेली व्यक्ती. दीड हजार वस्तीच्या गावात अशी व्यक्ती सापडणेच कठीण. आणि नात्यातली कोण? जिच्याशी लग्न सामान्यतः निषिद्ध मानले जाते ती, असा तिथला नियम. मग मामाची मुलगी कुठे धरायची? आपल्या बहुसंख्य समाजात तिच्याशी लग्न चालते, काही समाजांत चुलतभावंडांतही चालते. दोन तपासनीस दोन वेगळी उत्तरे देतील. यासाठी समाजनिहाय लेखी टिपण आधीच करून ठेवावे लागते. प्रत्येक फायलीपाशी बसून वाद घालायचा नसतो.

सर्वांत गंभीर अडचण पूर्वीच्या गुन्ह्यांची. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारधी वस्तीवर संशयाने होणारी धरपकड थांबली नाही. अशा तरुणाच्या नावावर लहानमोठी चार प्रकरणे असतात ती त्याच्या वागण्याइतकीच पोलिसांच्या सवयीचीही नोंद असते. उलट गावात वजन असलेल्या घरातल्या मुलाची पहिली दोन प्रकरणे ठाण्यापर्यंत पोचलेलीच नसतात. आकडे जसेच्या तसे घेतले तर ही विषमता ‘शास्त्रीय धोका’ म्हणून कागदावर येईल. निर्दोष सुटलेली प्रकरणे, मागे घेतलेली प्रकरणे आणि प्रतिबंधात्मक कारवाया गुणांत धरू नयेत, आणि भटक्या-विमुक्त समाजातील बंद्याचा अहवाल दुसऱ्या तपासनिसाने पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वर सांगितलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाला तर हे साधन लावूच नये. जवळपास समवयस्कांतील राजीखुशीच्या संबंधांसाठी ते नाही, असे त्याच्या नियमावलीतच आहे. कायद्यात अठराखालील संमतीला अर्थ नाही हे आम्ही जाणतो. तो न्यायालयाचा प्रश्न. पण उपचाराच्या चोवीस जागांत अशी मुले भरली तर खरोखर गरज असलेल्यांना जागा उरणार नाही, आणि या मुलांना मात्र अट्टल माणसांची संगत घडेल.

आता अचूकतेबद्दल. पुन्हा गुन्हा केलेला एक आणि न केलेला एक अशी जोडी घेतली, तर हे साधन दहापैकी साधारण सात वेळा पहिल्याला जास्त गुण देते. हे नजरेच्या अंदाजापेक्षा पुष्कळ चांगले आहे आणि फाशी-जन्मठेपेचा निकाल त्यावर टांगण्याइतके मुळीच चांगले नाही. गणित करून पाहा. शंभर जणांत तेरा जण पुन्हा गुन्हा करणारे आहेत. साधन दोन्ही बाजूंनी सत्तर टक्के बरोबर धरा. तेरापैकी नऊ सापडतील, चार निसटतील. उरलेल्या सत्त्याऐंशींपैकी सव्वीस जणांवर विनाकारण ‘धोका’ असा शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या पस्तीस जणांत सव्वीस चुकीचे. म्हणून अहवालात ‘हा धोकादायक आहे’ असे वाक्य कधीही असू नये. ‘असे गुण असलेल्या गटात इतक्या जणांची पुन्हा नोंद झाली, आणि तो गट परदेशातील आहे’ असे पूर्ण वाक्य असावे.

दगडावर कोरल्यासारखे हे गुण उपचाराने बदलत नाहीत. बदलणाऱ्या गोष्टींसाठी दोन जोडसाधने आहेत. स्टेबल-२००७ मध्ये तेरा बाबी : सोबत कोणाची, स्त्रियांबद्दल वैरभाव आहे का, उतावळेपणा, अडचण सोडवण्याची कुवत, मनावर ताण आला की लैंगिक गोष्टींकडे वळणे, मुलांशी भावनिक जवळीक वगैरे. अॅक्यूट-२००७ मध्ये सात : पीडित हाताशी येणे, वैरभाव, लैंगिक विचारांनी डोके व्यापणे, देखरेख झिडकारणे, मन कोसळणे, आधार तुटणे, नशा. स्टेबल दर सहा महिन्यांनी-वर्षाने पाहायचे, अॅक्यूट सुटकेनंतर प्रत्येक भेटीत.

हिंसक गुन्ह्यांसाठी एचसीआर-२० ची तिसरी आवृत्ती वापरावी. दहा बाबी भूतकाळाच्या, पाच आजच्या मनःस्थितीच्या, पाच पुढे बाहेर काय वाढून ठेवले आहे याच्या. त्यात बेरीज करायची नसते. तपासनीस सगळे पाहून कोणत्या प्रसंगात, कोणाविरुद्ध, किती लवकर हिंसा होऊ शकते ते लिहितो. बांधाच्या भांडणात एकदाच कुऱ्हाड उचललेला पन्नाशीचा शेतकरी, दारू पिऊन संशयाने बायकोला वर्षानुवर्षे मारणारा, आणि हप्तावसुलीसाठी मारहाण करणारा, हे तिघेही कोणाचा तरी जीव घेऊन आत आलेले असतील. त्यांचे ‘पुन्हा कधी’ मात्र पूर्णपणे वेगळे. पहिल्याबाबत महत्त्वाचा प्रश्न हा की त्या बांधाची मोजणी अजून झाली आहे का.

एका बंद्यासाठी सहा ते आठ तास धरावेत. फिर्याद, दोषारोपपत्र, निकालपत्र, वैद्यकीय कागद, हिस्ट्री तिकीट (बंद्याची कारागृहातील वैयक्तिक नोंद). दोन वेगवेगळ्या दिवशी मुलाखत. घरच्यांपैकी एकाशी आणि शक्यतो पोलीस पाटलांशी स्वतंत्र बोलणे. छापील प्रश्नावली हातात देऊ नये, कारण पुष्कळांना ती वाचता येत नाही आणि वाचणारे शेजाऱ्याला विचारून भरतात. उर्दू-दखनी आणि गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्यांसाठी दुभाषा हवा, आणि तो बंदी नसावा. दोन तपासनिसांनी वेगवेगळे गुण द्यावेत. दोनापेक्षा जास्त फरक पडला तर फाईल पुन्हा उघडावी. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट चाचणी पुरते, मात्र अटकेपूर्वीच्या वर्षाबद्दल विचारावे. नार्को, लाय डिटेक्टर यांना इथे जागा नाही. सेल्वी विरुद्ध कर्नाटक (२०१०) या निकालानंतर सक्तीने तर नाहीच.

उपचाराने फरक पडतो का?

पडतो, पण नीट केला तर. वाईट केला तर नुकसान होते, आणि हे सांगितल्याशिवाय आमची मागणी प्रामाणिक ठरणार नाही.

इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठीचा मुख्य कार्यक्रम १९९० च्या दशकापासून चालू होता. २०१७ मध्ये त्यांच्याच न्याय मंत्रालयाने २,५६२ उपचारितांची तुलना उपचार न घेतलेल्यांशी करून अहवाल प्रसिद्ध केला. पुन्हा लैंगिक गुन्हा : उपचारितांत १० टक्के, इतरांत ८ टक्के. कार्यक्रम बंद करण्यात आला. शासनाने स्वतःच्या कार्यक्रमाविरुद्ध जाणारा आकडा छापला, याबद्दल आम्हाला आदर वाटतो. दुसरीकडे २०१९ मध्ये थेरेसा गॅनन आणि सहकाऱ्यांनी ७० अभ्यास एकत्र केले, तेव्हा लैंगिक गुन्ह्यांची पुनरावृत्ती उपचारितांत ९.५ आणि इतरांत १४.१ टक्के निघाली. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ प्रत्यक्ष सत्रात सतत हजर होता आणि काम करणाऱ्यांना नियमित मार्गदर्शन मिळत होते, अशा ठिकाणी परिणाम अधिक चांगला होता.

दोन्ही निकाल एकत्र वाचावेत. जुन्या इंग्रजी कार्यक्रमात गुन्ह्याचा तपशील गटापुढे वारंवार सांगणे आणि पीडितेबद्दल सहानुभूती जागवणे यावर भर होता. या दोन गोष्टींनी धोका कमी होतो याला पुरावा कमी आहे. परदेशांतील तज्ज्ञांना शंका आहे की सगळ्यांसमोर तपशील सांगण्याने लाज घट्ट होते, किंवा इतरांना तो ऐकण्याची सवय लागते. आपल्याकडे ‘समुपदेशन’ या नावाखाली प्रवचन, ध्यानवर्ग किंवा पीडितेच्या आईचे दुःख ऐकवणे चालते. त्याला आमचा विरोध नाही, पण त्याला उपचार म्हणू नये.

कॅनडात डॉन अँड्र्यूज आणि जेम्स बोन्टा यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसह तीन तत्त्वे मांडली : तास धोक्याच्या प्रमाणात द्या, गुन्ह्याशी थेट जोडलेल्या गरजांवर काम करा, आणि माणसाला कळेल, झेपेल अशा रीतीने करा. पहिले तत्त्व आपल्या प्रशासनाला सर्वांत अवघड जाईल, कारण त्याचा अर्थ असा की कमी धोक्याच्या, आज्ञाधारक, वर्गात पहिल्या रांगेत बसणाऱ्या बंद्याला गटात घ्यायचेच नाही. त्याला घेतले तर फायदा नगण्य, आणि संगतीने तोटा होण्याची शक्यता. जागा द्यायची ती आडमुठ्याला, गैरहजर राहणाऱ्याला, वाद घालणाऱ्याला.

तासांचे माप असे : मध्यम धोक्याला सुमारे शंभर, जास्त धोका आणि अनेक गरजा असतील तर तीनशे. गट आठ जणांचा. दोन प्रशिक्षक, त्यांतला एक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. मध्यम गटाला आठवड्यात दोन-दोन तासांची दोन सत्रे, पंचवीस आठवडे. तीव्र गटाला तीन सत्रे, पन्नास आठवडे. सण, तपासण्या, उन्हाळा धरून प्रत्यक्षात चौदा-पंधरा महिने. सत्रांत काय करायचे? राग चढण्याआधीची शरीराची खूण ओळखणे, नाही म्हणणाऱ्याचे नाही ऐकणे, एकटेपणा आणि ताण यांचे काय करायचे ते ठरवणे, लैंगिक कल्पना आवरण्याच्या पद्धती, स्वतःची धोक्याची साखळी कागदावर मांडणे, आणि पुढच्या आयुष्यात काय मिळवायचे आहे व ते सरळ मार्गाने कसे, याची आखणी. प्रत्येक गोष्ट करून दाखवायची आणि करवून घ्यायची. फळ्यावर लिहून दिलेले बराकीत जाईपर्यंत विरते.

जिथे हमखास फसते

गटाचे नाव. ‘लैंगिक गुन्हेगार वर्ग’ असे नाव दिले की पहिल्याच आठवड्यात बराकीत मारहाण होईल. नाव साधे ठेवावे, ‘विचार-कौशल्य वर्ग’ चालेल, आणि त्याच खोलीत इतर गटही भरावेत म्हणजे कोण कशासाठी जातो ते उघड होणार नाही.

बदली. प्रशासकीय कारणाने बंदी मध्येच दुसऱ्या कारागृहात गेला की वर्षाचे काम वाया जाते, आणि अर्धवट सोडणाऱ्यांचा धोका पूर्ण करणाऱ्यांपेक्षा जास्त असतो हे वारंवार दिसले आहे. चोवीस जणांना कार्यक्रम संपेपर्यंत बदलीतून लेखी सूट हवी. कच्चे कैदी गटात घेऊ नयेत. तारखा आणि गार्डची चणचण यांतून सत्रे होणारच नाहीत, शिवाय खटला चालू असताना त्यांना बोलते करणे न्याय्य नाही.

गोपनीयता. ही बाब आम्ही ठळकपणे मांडतो. मानसशास्त्रज्ञाला सांगितलेल्या गोष्टीला कायद्यात वकिलासारखे संरक्षण नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावरील गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती कळवावीच लागते, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. म्हणून पहिल्या सत्राआधीच बंद्याला त्याच्या भाषेत सांगावे : इथे काय गुप्त राहील, काय राहणार नाही. अपील प्रलंबित असलेल्यांना गुन्हा कबूल करण्याची अट घालू नये. कबुलीशिवायही धोक्याच्या गरजांवर काम करता येते. जुना कार्यक्रम बंद केल्यावर इंग्लंडने आणलेला नवा कार्यक्रम गुन्हा नाकारणाऱ्यांनाही घेतो.

प्रमाणपत्र. वर्ग पूर्ण केला की रजा किंवा सूट, असे गणित जाहीर झाले की सगळे रजेसाठी बसतील. अहवालात हजेरी लिहू नये, बदल लिहावा : स्टेबलचे आधीचे आणि नंतरचे गुण, कोणत्या बाबीत, कशावरून.

वेळ. शिक्षेच्या तिसऱ्या वर्षी उपचार आणि बाराव्या वर्षी सुटका, यात काही राहत नाही. अपेक्षित सुटकेच्या आधीच्या दोन वर्षांत सुरू करावा. जन्मठेपेच्या बंद्यांची तारीख निश्चित नसते, म्हणून त्यांचा प्रस्ताव तयार होऊ लागल्यावर घ्यावा आणि सुटका लांबली तर महिन्याला एक उजळणी सत्र ठेवावे.

औषधांबद्दल थोडक्यात. लैंगिक गुन्हे करणाऱ्या बहुतेकांना मानसिक आजार नसतो, त्यामुळे त्यांना मनोरुग्णालयात धाडणे हे उत्तर नाही. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला आहेत, त्यांतले मराठवाड्यात एकही नाही, हे वेगळेच. लैंगिक ओढीचा विकार खरोखर निदान झालेल्या थोड्यांना एसएसआरआय गटातील (नैराश्यावर देतात त्या) गोळ्यांचा उपयोग होतो. संप्रेरक कमी करणारी औषधे त्यापुढची पायरी. त्यांनी हाडे ठिसूळ होतात, म्हणून हाडांची घनता, यकृत, साखर तपासत राहावे लागते, आणि औषध थांबले की परिणामही थांबतो. संमतीशिवाय यातले काहीही नको. सक्तीच्या रासायनिक खच्चीकरणाची सूचना न्यायमूर्ती वर्मा समितीनेही २०१३ मध्ये नाकारली होती. घाटी रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून अर्धा दिवस आले तरी या प्रयोगाला पुरेल.

दाराबाहेर

आपली व्यवस्था सर्वांत उघडी पडते ती इथे. ज्या सहा महिन्यांत धोका सर्वाधिक, त्यातच माणूस नजरेआड होतो. बीड, धाराशिव, जालना, परभणीकडचा बंदी दसऱ्याच्या आसपास सुटला तर पंधरा दिवसांत उचल घेऊन ऊसतोडीला, कोयत्यावर जातो. फडावर पाचटाच्या कोपीत, शेजारी दहा बिऱ्हाडे, आईबाप पहाटे तोडीला गेल्यावर मागे राहिलेल्या लहान मुली. अॅक्यूटच्या सातपैकी ‘पीडित हाताशी येणे’ आणि ‘नशा’ या दोन बाबी तिथे आपोआप भरतात. त्याचा परिवीक्षा अधिकारी मात्र आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत, आणि कारखाना सांगली-कोल्हापुरात किंवा कर्नाटकात. मुलांवरील गुन्ह्यातून सुटणाऱ्याला पहिल्या हंगामात फडावर न पाठवता गावाजवळ काम मिळवून देणे, किंवा जात असेल तर देखरेख कारखान्याच्या तालुक्याकडे लेखी वर्ग करणे, हे आज कोणाच्याच कामाच्या यादीत नाही.

पैठणच्या खुल्या कारागृहात शेवटचे सहा महिने घालवणे हा मधला टप्पा काहींसाठी होऊ शकतो. कॅनडातील हॅमिल्टन येथे १९९४ मध्ये सुरू झालेली ‘आधार आणि जबाबदारीची वर्तुळे’ ही पद्धतही विचारात घ्यावी : सुटलेल्या एकाभोवती चार ते सहा प्रशिक्षित स्वयंसेवक, आठवड्याला भेट, आणि त्यांच्यामागे व्यावसायिक. तो एकटा पडू नये आणि त्याला खोटे बोलून सुटताही येऊ नये, हे दोन्ही त्यातून साधते. आपल्याकडे निवृत्त शिक्षक, अंगणवाडी पर्यवेक्षिका, पोलीस पाटील अशी माणसे यासाठी मिळू शकतात.

आणि पीडित. आरोपी ओळखीचा नसतो अशी प्रकरणे फार थोडी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत तो पीडितेच्या ओळखीचा असतो. म्हणजे तो सुटून येतो तो तिच्याच गल्लीत. बसस्टँडवर अचानक समोर दिसल्यावर तिला कळावे, ही क्रूरता आहे. रजेच्या किंवा सुटकेच्या किमान पंधरा दिवस आधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत तिच्या घरी माहिती जावी, तिचे म्हणणे नोंदवले जावे, आणि कुठे फिरकायचे नाही हे आदेशात नकाशासारखे स्पष्ट लिहावे : शाळा, नळ, शेताची वाट.

मोजणी

चोवीस जणांवरून ‘गुन्हे कमी झाले’ असे सिद्ध होणार नाही. पुनरावृत्ती शंभरात तेरा असताना फरक दिसायला शेकडो माणसे आणि पाच वर्षे लागतात. वर्षभराने ‘शंभर टक्के यश’ अशी बातमी देण्याचा मोह विभागाने टाळावा, ही विनंती. पहिल्या दोन वर्षांत एवढेच मोजावे : दोन तपासनिसांचे गुण किती जुळतात, किती जणांनी सोडले आणि का, स्टेबल किती हलले, सुटलेल्यांपैकी किती जण सहा महिन्यांनी संपर्कात आहेत. तुलना प्रतीक्षायादीवरील पात्र बंद्यांशी करावी, आणि अर्धवट सोडणारे उपचारितांतच मोजावेत. त्यांना वगळले की कोणताही कार्यक्रम यशस्वी दिसतो. नोंदी ई-प्रिझन्स (कारागृहांची संगणकीय नोंद) आणि सीसीटीएनएस (पोलिसांची गुन्हेनोंद प्रणाली) यांवरून पाच वर्षे पाहाव्यात, निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध करावा.

सोळा ते अठरा वयाच्या मुलांना यातले काहीही लावू नये. बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खालचे प्राथमिक मूल्यमापन ही धोक्याची चाचणी नाही, आणि बुद्ध्यंकाचा एक आकडा म्हणजे ते मूल्यमापन नाही. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर त्यासाठी तज्ज्ञाची मदत घेणे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये बंधनकारक केले आहे. या मूल्यमापनाबद्दल आम्ही बाल न्याय मंडळांना स्वतंत्रपणे लिहू.

प्रयोगाला लागेल ते असे : दोन चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, दोन मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, पूर्णवेळ आणि किमान तीन वर्षांसाठी, कारण कंत्राट अकरा महिन्यांचे असेल तर गट संपण्याआधी प्रशिक्षक बदलेल, मार्गदर्शनासाठी पंधरवड्याला एक वरिष्ठ तज्ज्ञ, दार बंद होणारी, बाहेर आवाज न जाणारी एक खोली, आणि या कामासाठी नेमलेला एक तुरुंगाधिकारी. मे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालाप्रमाणे फाशीच्या प्रकरणांत न्यायालयाला मानसशास्त्रीय अहवाल द्यावाच लागतो; तेव्हा अशी माणसे विभागाला तशीही लागणार आहेत.

स्टॅटिकच्या मराठी नोंदनियमांचा आराखडा, नात्यांचे टिपण आणि बंद्याला वाचून दाखवायच्या संमतीपत्राचा मसुदा आमच्याकडे तयार आहे. विभागाने कळवल्यास आम्ही तो घेऊन हर्सूलला येऊ.

आपले,
मराठवाड्यात या क्षेत्रात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ते, परिवीक्षा कार्यकर्ते व वकील
छत्रपती संभाजीनगर